उठवण्याची खूण

तळहात गालाला टेकवून मान जराशी तिरपी केली, की बाबा झोपलेत.

*

जवाहरनगरच्या एका क्वार्टरच्या खिडकीला आतून निळी गोधडी खिळ्यांनी ठोकलेली होती. रस्त्याने जाणाऱ्याला वाटे, आत कुणीतरी फार दिवसांचं आजारी आहे.

*

सिहोऱ्याला त्या वर्षी धानाची रोवणी लांबली.

*

स्टीलच्या पेल्यापेक्षा प्लॅस्टिकचा बरा. हातून सुटला तर लोळत जातो, वाजत नाही.

*

चौथीच्या बाईंनी प्रगतिपुस्तकावर लिहिलं होतं : 'वर्तन अतिशय चांगले. तोंडी परीक्षेला हजर असूनही गुण शून्य.'

*

बादलीच्या तळाशी फडकं अंथरलं, की नळाचं पाणी पडतं ते ऐकूच येत नाही.

*

हे सगळं एकाच घरातलं आहे. एक खोली, एक स्वयंपाकघर, मागे मोरी. वाचकहो, असं घर तुमच्या ओळखीचं असेल. कदाचित तुम्ही त्यातच राहत असाल.

घर होतं जागेश्वर सेलोकरचं. सिहोऱ्याच्या गोमाजी सेलोकरांचा हा थोरला मुलगा. घराण्यात धानाच्या बांधीतून पाय काढून फॅक्टरीच्या बसमध्ये ठेवणारा पहिला. नोकरी तीन पाळ्यांची. रात्रपाळी असली की दहाच्या बसने जायचं आणि सकाळी साडेसातला परतायचं. काम दारूगोळ्याचं, तिथं डोळ्यावर पेंग येऊन चालत नाही. म्हणजे झोप घरीच पुरी व्हायला हवी, आणि ती दिवसा. जागेश्वरची झोपेची गरज खोटी नव्हती, एवढं आधीच मान्य करून टाकू.

मुलगी चंद्रकांता, घरात चंदा. तीन वर्षांची असताना तिच्या हातून एकदा भर दुपारी पाण्याचा पितळी गुंड पडला. गुंड स्वयंपाकघरातून गडगडत थेट खाटेखाली आला. जागेश्वर अर्धवट झोपेत उठला आणि त्याने पोरीच्या तोंडावर एक ठेवून दिली. पुन्हा पडला आणि घोरू लागला. त्याला स्वतःला ही थप्पड धड आठवतही नव्हती. चंदाला आठवत होती. त्यानंतर तिच्या हातून काही पडलं नाही.

मग यादोराव झाला. नाव पणजोबांचं, आणि अंगापेक्षा नाव मोठं, म्हणून यादू. तान्हं मूल कुणाची पाळी ओळखत नाही. रडू आलं की रडतं. बाळ रडलं की बाप 'अरे!' म्हणून ओरडे, बापाचा आवाज चढला की आई सत्यभामा घाबरी होई, आणि चंदा धावत जाऊन बाळाच्या ओठांवर आपला हात ठेवी. हलकेच. बाळाला ते आवडे. ते तिचा तळहात चोखत गप्प बसे.

अशा रीतीने यादू बोलायच्या आधी खुणा शिकला. या खुणा चंदाने काढलेल्या. तळहात पोटावर म्हणजे भूक. अंगठा ओठाला म्हणजे पाणी. करंगळी म्हणजे मोरी. खांद्यावरून हात मागे टाकला, पदर घेतल्यासारखा, म्हणजे आई. दोन बोटं जमिनीवर चालवली, की चल खेळू. दोघं भावंडं हसत तेव्हा तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, पोट हलतंय, आणि आवाज नाही. रेडिओ बंद करून नुसता त्याचा दिवा चालू ठेवावा तसं.

जागेश्वरला याचा अभिमान होता. सोबत काम करणारा खुशाल एकदा रविवारी चहाला आला. बसला, घोटभर चहा प्यायला आणि म्हणाला,

"का गा जागेश्वर, पोट्टे गावाले गेले का?"

"हायेत ना. हे काय, तुझ्या मांगं बसले."

खुशाल दचकून वळला. भिंतीला पाठ लावून दोघं बसलेली.

"बाप्पा! मले वाटलं घर खाली हाये!"

"पाठवून दे तुझ्या पोट्ट्यांले आठ दिवस. शिकवून देतो."

"माझे पोट्टे इथं आले तर तूच बदली मांगशीन बे," खुशाल म्हणाला, आणि एकटाच मोठ्याने हसला.

शेजारच्या कुंताबाईंचं बोलणं मात्र इतकं गोड नसे. त्यांच्या घरी सकाळपासून रेडिओ, पाटा-वरवंटा आणि चार मुलांची भांडणं एकदमच चालत. नळावर त्यांनी सत्यभामेला विचारलं, "सत्यभामाबाई, तुमच्या घरी पोट्टे हायेत का फोटो?"

सत्यभामा हसली. रात्री जेवताना तिने ते नवऱ्याला सांगितलं. तोही हसला. "फोटोच बरे. फोटो कोणाची झोप मोडत नाही."

सत्यभामेने ताटात भात वाढला. 

*

बुधवार. ऑगस्टचा शेवट. १९७७.

सिहोऱ्याला गोमाजींच्या बांधीत रोवणीचा शेवटचा दिवस होता. रोवणाऱ्या बायकांना त्या दिवशी घरचं जेवण घालायची रीत, आणि सासूचे हात आता चालत नव्हते. सत्यभामा पहाटेच्या गाडीने निघाली. भंडारा, तुमसर, मग सिहोरा. संध्याकाळी परत. निघताना तिने चंदाला उठवलं आणि कानाशी बोलली, कारण त्या घरात सवयच तशी पडली होती. बाबा घरात नसतानाही.

"आज शाळेत जाऊ नको. यादूले पेज पाज. बाबा निजल्यावर दाराची कडी काढू नको, ते लई वाजते. आणि बाबाले उठवू नको. तीन वाजता ते आपोआप उठते."

चंदाने मान हलवली.

जागेश्वर साडेसातला आला. हात-पाय धुतले, भात खाल्ला. अडीच वर्षांच्या यादूने त्याच्या मांडीवर दोन बोटं चालवून दाखवली. त्याने पोराच्या केसांतून हात फिरवला आणि तळहात आपल्या गालाला लावला. यादूने शहाण्यासारखी बोटं आवरून घेतली. आठ वाजता जागेश्वर झोपला.

आठ ते तीन.

या सात तासांत त्या घरात काय झालं, ते जागेश्वरने पाहिलं नाही. तो तिथेच होता. खाटेपासून स्वयंपाकघराचा उंबरठा पाच पावलं.

जे काही कळलं ते नंतर, वस्तूंवरून.

मोरीच्या दोरीवर सहा चड्ड्या धुऊन, पिळून वाळत घातलेल्या. चड्ड्या संपल्यावर चंदाचा जुना परकर. परकर संपल्यावर बापाच्या फाटक्या धोतराचे तुकडे. सगळं लहान हातांनी पिळलेलं, म्हणून टोकांना अजून थेंब धरून होतं.

वाटीत पेज, वर साय धरलेली. चमचा बुडवून तसाच ठेवलेला.

तीन प्लॅस्टिकचे पेले. एकात पाणी. एकात साखर घातलेलं पाणी. एकात ओकारी झेललेली, वर वही झाकलेली, माशी बसू नये म्हणून.

बादली फडक्यासकट.

आणि सिमेंटच्या जमिनीवर खाटेपर्यंत आलेली आणि खाटेपासून परत गेलेली ओली पावलं. काही वाळत आलेली, काही ताजी. म्हणजे एकदा नाही, बऱ्याचदा.

तीनला जागेश्वर उठला. आळस दिला. "चंदा, चहा ठेव वो."

चंदा उंबऱ्यात उभी होती. फ्रॉक ओला. तिने हाताने काहीतरी केलं, मूठ मिटून उघडली, पुन्हा मिटून उघडली. ही खूण त्याने कधी पाहिली नव्हती. बहुधा तिनेही त्या आधी कधी केली नव्हती.

"काय वो?"

तिने आत बोट दाखवलं.

यादू चटईवर निजला होता. अंगावर आईचं लुगडं नीट पांघरलेलं. सकाळी गोल होता तो चेहरा आता म्हाताऱ्यासारखा झाला होता. डोळे अर्धे उघडे आणि खोल गेलेले. ओठ पांढरे. जागेश्वरने त्याला उचललं तेव्हा मान मागे पडली. अंग इतकं हलकं, की त्याला क्षणभर वाटलं, आपण नुसतं लुगडंच उचललं.

तो अनवाणी धावला. कडी इतक्या जोराने काढली, की कुंताबाई पोळपाट सोडून बाहेर आल्या आणि तशाच पिठाच्या हातांनी मागे धावल्या. त्यांच्या मागे चंदा.

डॉक्टरांनी पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

"केव्हापासून?"

"मी... मी झोपलो होतो, साहेब."

"आई?"

"गावाला."

डॉक्टर चंदाकडे वाकले. "बाळ, किती वेळा जुलाब झाले त्याला? सांग बरं."

चंदाने दोन्ही हात पसरले. दहा बोटं. मग मिटले. मग चार.

"चौदा," डॉक्टर हळू म्हणाले. ते सुईकडे वळले. शीर सापडत नव्हती. त्यांनी हाताला पाहिली, पायाला पाहिली. एकदा लागली आणि सुटली. अंगातलं सगळं पाणी गेलं होतं.

सव्वापाचला यादू गेला. त्या वेळी सत्यभामा तुमसरच्या स्टँडवर गाडीची वाट पाहत होती. सासूने यादूसाठी दिलेली काकडी तिच्या पिशवीत होती.

*

दवाखान्याच्या व्हरांड्यात जागेश्वरने पोरीचे दोन्ही खांदे धरले. तिला गदागदा हलवलं. बाकावरची माणसं उभी राहिली.

"मले उठवलं काहून नाही? आं? तिथंच होतो ना मी! पाच पावलांवर होतो! काहून नाही उठवलं? सांग ना! बोल ना!"

"भाऊजी, सोडा तिले!" कुंताबाईंनी त्याचा हात धरला. "लेकरू हाये ते, सोडा!"

"बोल म्हणून राहिलो ना मी! बोल!"

चंदाचे ओठ हलले. आवाज आला नाही. तिने एकवार बापाकडे पाहिलं, आणि तळहात गालाला टेकवून मान जराशी तिरपी केली.

बाबा झोपलेत.

अरे देवा! हेच तर शिकवलं होतं! सहा वर्षं हेच शिकवलं होतं!

पण त्या दिवशी हे जागेश्वरला कळलं असं समजू नका. इतकं सोपं नसतं. त्या दिवशी त्याने नुसते हात सोडले आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

*

लहान लेकरू, म्हणून जाळलं नाही. नाल्याच्या काठी पुरलं.

सिहोऱ्याहून माणसं आली. गोमाजी आले, आणि आठ दिवस थांबले. येणाऱ्या-जाणाऱ्याला जागेश्वर तेच ते सांगे. "नऊ वर्षांची घोडी झाली. तिले एवढी अक्कल नको का? नुसता हात लावला असता तरी उठलो असतो मी." ऐकणारे मान हलवत. कुणी म्हणे, पोरीची जात, घाबरली असन. कुणी म्हणे, आजकालची पोरं अशीच. चंदा तिथेच भिंतीशी बसलेली असे. तिच्यासमोरच हे चाले. ती काही ऐकतही नसेल, अशा रीतीने.

आणि चंदा बोलायची थांबली. आधी निदान कानाशी बोले, आता तेही नाही. सत्यभामेने जवळ घेतलं, कुंताबाईंनी भजी आणून दिली, शाळेच्या बाई घरी येऊन गेल्या. नाही म्हणजे नाही. खुणाही बंद. हात मांडीवर ठेवलेले. ज्याच्यासाठी खुणा काढल्या होत्या तोच नव्हता.

एक लेकरू मातीत गेलं होतं. दुसरं घरात बसल्या बसल्या जात होतं. सत्यभामेला ते दिसत होतं, आणि गोमाजींना.

सातव्या दिवशी गोमाजींनी मुलाला अंगणात बोलावलं.

"जागेश्वर, इकडे ये. बस."

तो बसला. म्हातारा काडीने जमीन कोरू लागला.

"पोरीले अक्कल नाही म्हणते तू."

"मंग काय म्हणू, बा? हात लावला असता तरी..."

"लावला नसन कायवरून? तू तर झोपला होता."

गोमाजींनी काडी मुलाकडे रोखली.

"तुझं ऐकलं पोरीनं. सहा वर्षं ऐकलं. तवा तू लोकाले सांगत फिरला, माझी पोरगी कशी ऐकते. आता त्याच दिवशी तिनं न ऐकावं, असं तुझं म्हणणं हाये. तिले कसं कळावं, का आज न ऐकायचा दिवस हाये म्हणून?"

"मले झोप पाहिजेच ना, बा! तिथं कामावर डोळा लागला तर काय होते, तुम्हाले नाही मालूम!"

"झोप ना बाप्पा. कोण नाही म्हणते? पण घरात माणूस निजला आणि घरात साप निजला, यात काही फरक पाहिजे का नाही? सापाजवळून पोट्टे असेच जातेत. पाय न वाजवता."

जागेश्वरने मान वर केली. त्याचा बाप त्याला असं कधी बोलला नव्हता.

गोमाजींचा आवाज उतरला. "रोवणी पाहिली ना तू? लहानपणी बांधावरच होता तू. तुझ्या मायनं तुले धुऱ्यावरच्या झाडाले झोळी बांधून टाकलं होतं. सारेच टाकतेत. पोरगं रडत राहते आणि बाई चिखलात वाकून धानाचे परे रोवत राहते. कोणी म्हणते, काय निर्दयी बाई हाये. पण बाई बिनघोर राहते. काहून?"

गोमाजींनीच पुढे सांगितलं.

"काहून का आवाज येऊन राहिला ना. आवाज आला म्हणजे पोरगं हाये. ज्या घडीले आवाज बंद होते, त्या घडीले ते हातातली जुडी फेकून धावते. मी डोळ्यानं पाहिलं. तुझी माय चिखलातून अशी धावली होती, का तिच्या पायाची कातडी निघाली. तुझ्या झोळीत मुंगळे शिरले होते, आणि तू रडून रडून थकला होता. आवाज गेला म्हणून तू वाचला, बे! म्हणजे तुझ्या मायले त्या आवाजाचा अर्थ मालूम होता, म्हणून वाचला."

काडी मोडली. गोमाजींनी तिचे तुकडे बाजूला ठेवले.

"तू आपल्या घरात उलटं केलं. आवाज आला का संकट, आणि चिडीचूप म्हणजे समदं बरं. माणूस बी तू चांगला, नोकरी बी चांगली. दारू नाही, जुगार नाही. पण पोराचा आवाज तुले दुश्मन वाटला. आता त्या पोरीले दोष लावून आणखी एक आवाज बंद नको करू. एवढंच सांगतो."

म्हातारा उठून आत गेला.

*

त्या दुपारी जागेश्वर सत्यभामेजवळ बसला. ती तांदूळ निवडत होती.

"त्या खुणा मले दाखव."

"कायच्या खुणा?"

"पोरांच्या. साऱ्या."

तिने सूप खाली ठेवलं. पोटावर हात. ओठाला अंगठा. करंगळी. पदर. चालणारी दोन बोटं. ही करताना तिची बोटं थांबली, पण तिने केली. एकूण बारा-तेरा. ऊन लागते. डोकं दुखते. पाऊस आला. ताई, कुंताबाई. चूप. अजून चूप.

"आणि बाबाले उठव, याची कोणती?"

सत्यभामा विचार करू लागली. तिने एक हात उचलला, पुन्हा खाली ठेवला. 

"ते नाही," ती म्हणाली. "ते कधी लागलीच नाही." आणि मग तिचा बांध फुटला. "मीच सांगून गेली हो तिले! मीच म्हणलं, बाबाले उठवू नको! माझंच तोंड कसं झडलं नाही!"

जागेश्वर उठला. भिंतीशी बसलेल्या पोरीसमोर जाऊन जमिनीवर बसला. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. आयुष्यात पहिल्यांदा.

"चंदा, तुझी चुकी नाही. माझी हाये. मी लोकाले खोटं सांगतलं."

चंदाने पाय पोटाशी ओढून घेतले.

*

पुस्तकात इथे मूल बोलायला लागतं. चंदा लागली नाही.

जागेश्वरने खिडकीची गोधडी काढली. रात्रपाळीहून आला की तो म्हणे, "तीन वाजता मले आवाज देऊन उठवजो." आणि डोळे मिटून पडून राही. तीनला त्याला तिचा श्वास ऐकू येई. ती खाटेशी येऊन उभी राही, खूप वेळ, आणि मग खाटेच्या पायाला एक बोट लावी. "हात नको वो, आवाज दे," तो म्हणे. ती मागे सरे.

हे महिनाभर चाललं. एक दिवस सत्यभामा म्हणाली, "अजी, आधी बोलू नको म्हणून हुकूम होता, आता बोल म्हणून हुकूम हाये. तिच्यासाठी फरक काय झाला?"

त्याने सांगणं सोडलं. त्याऐवजी कुंताबाईंच्या चारही पोरांना दुपारचं खेळायला बोलावून ठेवलं. ती पोरं म्हणजे वाजंत्रीच. पहिल्या दिवशी त्यांनी खाटेभोवती आगगाडी केली आणि खाटेला धडक दिली. जागेश्वर कानांवर दुपट्टा बांधून, डोळे मिटून पडून राहिला. रागाची एक लाट यायची, अंगातून जायची. बसमध्ये खुशाल म्हणे, "डोळे लाल दिसून राहिले गा, रात्री पिऊन आला का काय?" तो म्हणे, "नाही. घरी पोट्टे हायेत."

झोप तुटक होई, पण लागे. माणसाला गोंगाटातही झोप लागते, हे त्याला छत्तिसाव्या वर्षी कळलं.

दसरा गेला. दिवाळीत घरात दिवा एकच लावला. धान कापून झालं. पौष आला.

आणि एका दुपारी जागेश्वर गाढ झोपेत असताना घरात एक किंकाळी फुटली.

"बाबा! वांदर! बाबा, उठा ना! वांदर पोळ्या घेऊन चालला!"

तो ताडकन उठून बसला. उघड्या खिडकीत हे एवढं काळ्या तोंडाचं वानर, हातात पोळ्यांची चळत, शेपूट आत लोंबलेलं. आणि चंदा हातात झाडू घेऊन स्वयंपाकघराच्या मधोमध उभी. आवाज फाटलेला, घोगरा, कुठल्या मोठ्या बाईचा असावा तसा.

"बाबा! ते पाहा ना! चालला तो!"

वानराने एक पोळी दातांत धरली, बाकीच्या काखेत मारल्या आणि ते सावकाश निघून गेलं. कुंताबाई धावत दारात आल्या.

"काय झालं वो? तुमच्या घरून आवाज आला म्हणून माझी तर छातीच धडधडली!"

जागेश्वर खाटेवरून उठला नाही. त्याने तोंड हातांत झाकलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. चंदाने ते पाहिलं आणि तिच्या हातातला झाडू खाली आला.

"बाबा... मी उठवलं," ती म्हणाली. "रागावले का?"

"नाही वो माय. चांगलं केलं. लई चांगलं केलं!"

मग जमिनीकडे पाहत, पुन्हा जुन्या, कानाशी बोलायच्या आवाजात म्हणाली,

"त्या दिवशी पण मी आवाज दिला होता. तीन खेपा. हळू दिला."

*

वाचकहो, चंदा पुढे बोलू लागली. फार नाही, पण गरजेपुरती. शाळेच्या तोंडी परीक्षेत तिला पन्नासपैकी एकोणीस गुण मिळाले, आणि जागेश्वरने ते प्रगतिपुस्तक बसमध्ये सगळ्यांना दाखवलं. यादू काही परत आला नाही. शहाणपण उशिरा आलं की ते गेलेल्याच्या कामी येत नाही, आणि ही गोष्ट ते लपवणार नाही.

आपण सगळे थकून घरी येतो. आपल्याला शांतता हवी असते, आणि ती मागण्यात गुन्हा नाही. पण आपल्या मुलांना एक गोष्ट आधी शिकवा, बाकी शिस्त नंतर. त्यांना सांगा, की कोणत्याही वेळी, कितीही झोपेत असलो, कितीही रागावलो, तरी मला हाक मारायची. मोठ्याने मारायची. चुकून मारली तरी चालेल. ज्या घरात लेकराला हाक मारायची चोरी आहे, तिथे बाप पाच पावलांवर असून नसतो. आज घरी गेल्यावर जरा कान देऊन पाहा. मुलं अगदी शांत असतील, तर उठून जाऊन बघा.

*

त्या बुधवारी पावणेबाराला जागेश्वरला एकदा आपोआप जाग आली होती. घरात काहीच आवाज नव्हता. तो समाधानाने कूस बदलून पुन्हा झोपला.